महापौरांकडे काय मागावे?

आमचे बरेच व्यापारी बंधू दुकानाचा परवाना अडला की हार घेऊन थेट महापौरांच्या दालनात जातात. चहा मिळतो, परवाना मिळत नाही. कारण त्यावर सही महापौरांची नसतेच.

सोलापूरची महानगरपालिका १९६४ साली झाली. तिचा कारभार १९४९ च्या कायद्याने चालतो आणि त्यात अंमलबजावणीचा अखत्यार सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे आहे. परवाना, बांधकामाची मंजुरी, अतिक्रमणाची नोटीस, सारे तेथूनच. मोठे ठेके स्थायी समितीच्या १६ सदस्यांपुढे जातात. महापौर सर्वसाधारण सभा चालवतात. मते समसमान पडली तर त्यांचे जादा मत निर्णायक ठरते. त्यांना अडीच वर्षांसाठी नगरसेवक निवडतात, आपण नाही. बार्शी-पंढरपूरचे नगराध्यक्ष थेट जनतेतून येतात, म्हणून आपली गल्लत होते.

मग महापौर नावापुरतेच का? तसे आम्ही म्हणणार नाही. पुढील वर्षाच्या करांचे दर सभा ठरवते, तेही २० फेब्रुवारीच्या आत. आमचे लोक मात्र बिल हातात पडल्यावर ओरडतात! कर जड वाटत असेल तर चादर कारखानदार आणि दुकानदार यांनी मिळून डिसेंबर-जानेवारीतच महापौरांना व आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना लेखी निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर साडेतीन वर्षांहून अधिक काळ सभाच नव्हती. आयुक्तच प्रशासक होते. तेव्हा निवेदन घेऊन जायला दुसरा दरवाजाच उरला नव्हता.