माळ्यावरचा व्हॅक्यूम क्लीनर

तुमच्या घरी माळ्यावर काय काय आहे? सँडविच टोस्टर, लग्नात आलेला डिनर सेट, सूटकेसच्या पोटात सूटकेस... आणि त्यांच्या मागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला व्हॅक्यूम क्लीनर. बरोबर ना?

आमच्याकडेही होता. साल २०१२. नवा संसार, नवा फ्लॅट आणि दारात टाय लावलेला, गोड बोलणारा एक मुलगा. त्याने नळीत एक काळं फडकं अडकवलं आणि आमच्याच गादीवरून मशीन फिरवलं. दोन मिनिटांत त्या फडक्यावर पांढरट भुकटी! ‘मॅडम, यावर तुम्ही रोज झोपता,’ एवढंच तो म्हणाला. संपलं. नवरोबाने चेकबुक काढलं. ते मशीन आम्ही जेमतेम पाच वेळा वापरलं असेल. आवाज असा, की शेजारच्या आजी विचारायला यायच्या. आणि आतली कापडी पिशवी गॅलरीत झटकली, की आपणच पांढरे.

आता कळतं, की ती भुकटी कुठल्याही गादीतून निघते. कातडीचे कण, कापसाचे तंतू, साधी धूळ. तो डेमो गादीबद्दल खरं सांगत होता, मशीनबद्दल काहीच नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या दिवाळीत आई साताऱ्याहून कायमची आमच्याकडे राहायला आली. तिला दमा आहे, जुनाच. आम्ही वाकडला राहतो आणि खिडकीतून तीन टॉवर्सचं बांधकाम दिसतं, त्यामुळे सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. आठ वाजता मावशी केर काढायच्या आणि सव्वाआठला आईचा खोकला सुरू व्हायचा. मग पंप. मी लॅपटॉपची बॅग उचलून पळत असायचे, त्यामुळे या दोन गोष्टींचा संबंध लक्षात यायला मला चक्क दोन आठवडे लागले. अजूनही त्याची लाज वाटते.

डॉक्टर स्पष्ट बोलले. कोरडा केर काढणं बंद. ओल्या फडक्याने पुसा किंवा चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा. साफसफाई चालू असताना आई त्या खोलीत नको. ‘आणि मशीनने दमा बरा होईल असं समजू नका, औषधं तशीच चालू राहतील,’ हेही त्यांनीच सांगितलं.

गंमत म्हणजे हे यंत्र घरात आणणारा माणूसही दम्याचाच पेशंट होता. अमेरिकेत ओहायोमधल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक सफाई कामगार होता. गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा वाढायचा. त्याने १९०७मध्ये पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक खटपटी यंत्र बनवलं. १९०८मध्ये पेटंट मिळालं आणि ते हूवर नावाच्या व्यावसायिकाने विकत घेतलं. पुढे ब्रिटनमध्ये तर ‘हूवर करणं’ हाच शब्द झाला! थोडक्यात, मशीनने धूळ ओढणं हे अर्धंच काम. ओढलेली धूळ त्या अभ्य्रातच राहिली पाहिजे. स्पँगलरला हे कळलं होतं. दुकानात मात्र सगळे फक्त ओढण्याबद्दल बोलतात.

वॉटच्या नादी लागू नका

दुकानात गेलो, तर सेल्समनचं पहिलं वाक्य : ‘सर, हा दोन हजार वॉटचा आहे!’ सर खूश. पण वॉट म्हणजे मशीन किती वीज खातं ते. किती धूळ ओढतं ते नव्हे. युरोपियन युनियनने सप्टेंबर २०१४पासून १६०० वॉट आणि सप्टेंबर २०१७पासून ९०० वॉटची मर्यादा घातली. तिथली घरं काही मळकी राहिली नाहीत. कंपन्यांनी मोटर आणि तोंडाचा ब्रश सुधारला, इतकंच. शिवाय दोन हजार वॉट म्हणजे जवळपास ९ अँपिअर. तुमच्या बेडरूममधल्या ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ते चालवायचं नाही, १६चा मोठा पॉइंट लागतो. तो बहुतेक घरांत कुठे असतो? किचनमध्ये आणि गीझरपाशी!

दुसरा आकडा सक्शनचा. इथे एक छोटीशी चलाखी असते. रोबोटच्या खोक्यावर ‘४००० पास्कल’ असं ठळक लिहिलेलं असतं, तर साध्या डब्याच्या मशीनवर ‘२० किलोपास्कल’. चार हजार मोठे वाटतात ना? पण एक किलोपास्कल म्हणजे हजार पास्कल. म्हणजे ४ विरुद्ध २०. रोबोटचा ब्रश जमिनीला चिकटून चालतो, त्यामुळे फरशीवर त्याचं भागतं. गादी-सोफ्याची गोष्ट वेगळी.

आता फिल्टर. घरात दमा, अ‍ॅलर्जी किंवा लहान बाळ असेल, तर पैसे इथे घालवा. ‘हेपा’ हा शब्द सगळीकडे दिसतो. युरोपियन मोजमापातला एच-१३ दर्जाचा फिल्टर पकडायला सगळ्यात अवघड अशा बारीक कणांपैकीही किमान ९९.९५ टक्के अडवतो. ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपासारखा’ लिहिलं असेल, तर त्याला काहीच अर्थ नाही. दर्जाचा आकडा विचारा. आणि फिल्टर भारी असून मशीनच्या सांध्यांतून हवा निसटत असेल, तर सगळं मुसळ केरात. दुकानात मशीन चालू करायला लावा आणि झाकणाच्या कडेने हात फिरवा. हवा फक्त मागच्या जाळीतून यायला हवी. मी असा हात फिरवत होते, तेव्हा सेल्समन माझ्याकडे बघतच राहिला!

रोबोट की काठी की डबा?

रोबोट घ्यायचं नवरोबाचं फार मनात होतं. बाजारात रोबोट काही आजचे नाहीत, ‘रूंबा’ २००२मध्ये आला. फरशीचं घर, रोजची बारीक धूळ आणि दोघंही दिवसभर ऑफिसात, अशा संसाराला रोबोट खरंच छान. तुम्ही मीटिंगमध्ये, तो हॉलमध्ये. पण आधी फूटपट्टी घेऊन पलंगाखाली जा. बरेच रोबोट नऊ-दहा सेंटीमीटर उंच असतात. पलंग त्याहून बुटका असेल, तर जिथे धूळ सगळ्यात जास्त तिथेच साहेब पोचणार नाहीत. बाथरूमचा उंबरा, चार्जरच्या वायरी, पडद्याच्या झालरी हे त्याचे शत्रू. काळ्याभोर टाइल्सवर काही रोबोट ‘पुढे खड्डा आहे’ असं समजून थबकतात. माझ्या मैत्रिणीच्या रोबोटने पाडव्याच्या सकाळी दारातली रांगोळी सगळ्या हॉलभर नेली होती. आणि मुख्य म्हणजे तो गादी, सोफा, पंख्याची पाती, खिडकीच्या खाचा यांतलं काहीच करत नाही.

काठीसारखा कॉर्डलेस दिसायला झकास आणि वापरायला सोपा, त्यामुळे तो माळ्यावर जात नाही. हा फार मोठा गुण! पण खोक्यावरची ‘६० मिनिटं’ सगळ्यात हळू स्पीडची असतात. फुल्ल पॉवरवर बऱ्याच मशीन्सचा जीव दहा मिनिटांच्या आसपास. अडीच-तीन किलो हातात धरून पंखा साफ करून बघा. डबा अर्ध्या लिटरचा. चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, तिची किंमत आजच विचारून ठेवा.

वेट अँड ड्राय ड्रम गाडी धुणाऱ्यांसाठी आणि पावसात ज्यांच्या बाल्कनीत तळं होतं त्यांच्यासाठी. टू बीएचकेत तो ठेवणार कुठे, हा पहिला प्रश्न.

उरला जुना, वायरवाला, चाकांवर मागे मागे येणारा डबा. त्यात पुन्हा दोन प्रकार, पिशवीवाला आणि बिनपिशवीचा. बिनपिशवीच्यात खर्च नाही, पण डबा उपडा करताना धुळीचा ढग आपल्या तोंडावर. दम्याच्या घरात हे चालणारच नाही. आम्ही घेतला तो फेकून द्यायच्या पिशव्यांचा. पिशवी तोंड बंद करून सरळ कचऱ्यात. दर काही आठवड्यांनी पैसे जातात खरे. म्हणून दुकानदाराला मशीनआधी पिशव्या मागितल्या. त्याच्याकडे नव्हत्या! दुसऱ्या दुकानात मिळाल्या, तिथेच मशीन घेतलं.

मावशींचा प्रश्न

मशीन घरी आलं, त्या दिवशी मावशी दारातच थांबल्या. खोक्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘ताई, मग आता माझे पैसे कापणार का?’

दोन रविवार मी फिल्टर, पास्कल, पिशव्या यांवर घालवले होते. हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मावशींचं घर चार घरच्या कामावर चालतं, त्यातलं एक आमचं. पैसे तेवढेच राहतील, हे मी तिथेच सांगितलं. मग आम्ही तिघींनी बसून कामाची घडी बसवली. कोरडा केर बंद. मावशी येतात तेव्हा आई खाली बागेत चक्कर मारायला जाते. फरशी आधी ओल्या फडक्यानेच. बुधवार-रविवार व्हॅक्यूम आमच्याकडे : गादी, सोफा, पलंगाखाली, खिडकीच्या खाचा. चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात, कारण गादीतले डस्ट माइट्स कापडाला घट्ट धरून बसतात, नुसत्या व्हॅक्यूमला दाद देत नाहीत. गादीला चेनची बंद खोळही शिवून घेतली.

खोकला गेला का? नाही. बांधकाम चालूच आहे. पण सव्वाआठचा तो ठरलेला खोकला थांबला आणि सकाळचा पंप पुष्कळ दिवस लागतच नाही. यातलं किती मशीनमुळे, किती ओल्या फडक्यामुळे आणि किती बागेतल्या चकरीमुळे, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

मावशींनी पहिले दोन महिने मशीनला हात लावला नाही. ‘माझा झाडू त्याच्यापेक्षा फास्ट आहे,’ म्हणायच्या, आणि ते खरंही होतं. मग एकदा गुडघे धरले होते, तेव्हा पलंगाखाली वाकायच्याऐवजी नळी घातली. आता पलंगाखालचा भाग त्यांचाच. यंदा खंडेनवमीला आईने माझ्या लॅपटॉपशेजारी मशीन मांडून त्यालाही हळदकुंकू वाहिलं. मावशी बघत होत्या. म्हणाल्या, ‘ताई, पूजा झाली की पिशव्या मागवा. एकच उरलीय.’