निनावी, पण किती?

वेल्हे, म्हणजे आताचा राजगड, हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका. एखाद्या अ‍ॅपने वापराची माहिती गोळा करताना इथे नाव गाळलं तरी गाव आणि फोनचं मॉडेल नोंदलं, तर केळदसारख्या गावात माणूस लगेच ओळखू येईल. शेजारच्या भोर शहरात गर्दीचा थोडा आडोसा मिळतो, एवढंच. म्हणून नोंद गावाची नको, जिल्ह्याची हवी. मोजक्याच लोकांचे आकडे तर दाखवूच नयेत.

आणि आधी विचारावं. कोणती पॅकेजेस वापरात आहेत हे डेबियन या लिनक्स प्रणालीची ‘पॉप्युलॅरिटी-कॉन्टेस्ट’ वापरकर्त्याने होकार दिला तरच कळवते. ध्वनिसंपादन करणारी ऑडॅसिटीही २०२१मध्ये परवानगी घेणारच होती. पण माहिती गूगल आणि यांडेक्सच्या सेवांमार्फत जाणार म्हटल्यावर वापरकर्ते खवळले आणि तो बेत सोडावा लागला. त्यांचा आक्षेप रास्तच होता.