कॉम्प्युटर सुरू करताच नको ती विंडो येते? आधी मस्टरमधलं नाव शोधा, नवा ‘क्लीनर’ टाकू नका

सुरत : उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली. या पट्ट्यात खान्देशातून आलेली मराठी माणसं किती आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गावाकडच्या शेताचा ऑनलाइन सातबारा काढायचा, पोराच्या शाळेचा फॉर्म भरायचा, पॅन कार्डाचा अर्ज करायचा, तर गल्लीतलं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान गाठायचं. दुकानदार सकाळी शटर वर करतो, कॉम्प्युटर चालू करतो आणि कामाला हात लागण्याआधीच स्क्रीनवर दोन-तीन विंडो येऊन बसलेल्या असतात. एक म्हणते, अमुक फाइल सापडत नाही. दुसरी म्हणते, तुमच्या पीसीत शेकडो बिघाड आहेत, आत्ता दुरुस्त करा. तिसरी नुसती काळी, डोळ्याची पापणी लवते तोवर गायब. सगळ्या बंद केल्या तरी उद्या सकाळी पुन्हा हजर. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, व्हायरस शे का?"

बहुतेक वेळा व्हायरस नसतो. पण दुर्लक्ष करण्यासारखंही नसतं, कारण त्याच कॉम्प्युटरवर दिवसभरात कितीतरी लोकांचे आधार, पॅन आणि बँक पासबुक स्कॅन होत असतात.

हे पाहुणे घरात आले कसे? आपणच दार उघडलं. फुकटचं एखादं सॉफ्टवेअर उतरवताना आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत जातो. मधल्या एखाद्या पानावर आधीच टिक केलेली बारीक ओळ असते, ‘हा टूलबारही टाका’. सॉफ्टवेअर देणाऱ्याला अशा प्रत्येक जोडपाहुण्यामागे पैसे मिळतात. गूगल आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या धंद्याचा हिशेब मांडला होता, तेव्हा एका इन्स्टॉलमागे १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत भाव निघत होता. बडी नावंही यात होती. कित्येक वर्षं जावासोबत ‘आस्क’चा टूलबार यायचा. लेनोव्होच्या काही नव्या लॅपटॉपमध्ये तर कंपनीनेच ‘सुपरफिश’ नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर भरून दिलं होतं, ते २०१५ मध्ये उघड झालं. तेव्हा चूक दुकानदाराच्या पोराचीच असते असं नाही.

आपल्या लोकांचा यात एक खास रस्ता आहे. मराठी टायपिंग! गूगलने विंडोजसाठीचं ऑफलाइन ‘इनपुट टूल्स’ स्वतःच्या साइटवरून काढून टाकलं, पण लोक अजून तेच शोधतात आणि कुठल्या तरी भलत्या साइटवरून उतरवतात. मराठी येतं, सोबत वऱ्हाडही येतं.

आता ‘फाइल सापडत नाही’ हे काय प्रकरण आहे ते बघू. लूमच्या कारखान्यातला एखादा कामगार कायमचा गावी निघून गेला, पण मस्टरमधलं त्याचं नाव कुणी खोडलं नाही. मुकादम रोज सकाळी नाव पुकारणार, उत्तर येणार नाही, मुकादम चिडणार. विंडोज तेच करतं. सुरू होताना ते रजिस्ट्रीतल्या ‘रन’ नोंदी, स्टार्टअप फोल्डर आणि टास्क शेड्युलर वाचतं आणि त्यातली नावं पुकारतं. अँटिव्हायरसने फाइल उडवली, नोंद मात्र राहिली, की ‘रनडीएलएल’ नावाची चौकट येते. दहा-बारा वर्षांपूर्वी ‘कन्ड्युइट’च्या टूलबारने असाच छळ मांडला होता. टूलबार गेला तरी ‘बॅकग्राउंड कंटेनर’ची फाइल मिळत नाही, ही तक्रार रोज सकाळी स्क्रीनवर. अशी चौकट आली तर घाबरू नका. माणूस गेलेला आहे, फक्त नाव खोडायचं आहे. काळी विंडो बहुतेकदा शेड्युलरमधल्याच एखाद्या नोंदीची असते.

इथेच सगळ्यात महागडी चूक होते. लोक नेटवर उपाय शोधतात आणि ‘पीसी क्लीनर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’ असलं काहीतरी उतरवतात. ते स्वतःच जोडपाहुणं असतं. दोन विंडोंच्या चार होतात, वर ‘पूर्ण व्हर्जनसाठी पैसे भरा’.

त्यापेक्षा आधी चौकटीचा मोबाइलवर फोटो काढा, फाइलचं पूर्ण नाव दिसलं पाहिजे. मग कंट्रोल पॅनेलमधली किंवा सेटिंग्जमधली प्रोग्रामची यादी उघडा आणि ती इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावा. ही युक्ती फार कामाची आहे. तुम्हाला हवं असलेलं सॉफ्टवेअर ज्या दिवशी टाकलं, त्याच दिवशी अजून कोण कोण आलं ते एका नजरेत कळतं. ओळखीचं नसेल ते अनइन्स्टॉल करा. मात्र प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, टॅली यांच्या वस्तू त्यात असू शकतात, त्या नीट ओळखून बाजूला ठेवा. नाहीतर विंडो जाईल आणि धंदाही बसेल.

त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ‘स्टार्टअप’चा भाग आहे. यादीच्या वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा कॉलम चालू करा, म्हणजे प्रत्येक नाव कुठली फाइल बोलावतं ते दिसेल. फोटोतल्या नावाशी जुळवा. यादीत नुसतं ‘प्रोग्राम’ असं नाव, प्रकाशकाची जागा कोरी, चित्र पांढरं असेल तर तो बहुधा गावी गेलेला कामगार. ‘डिसेबल’ करा. डिलीट नाही, डिसेबल; चुकलं तर परत चालू करता येतं. रीस्टार्ट करून बघा.

एवढ्यानेही गेलं नाही तर स्टार्ट मेनूतून टास्क शेड्युलर उघडून त्याच्या लायब्ररीत तीच फाइल शोधा. तिथेही सापडली नाही तर मायक्रोसॉफ्टचंच ‘ऑटोरन्स’ नावाचं फुकट साधन आहे. ते फक्त मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घ्या. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा म्हणजे गर्दी कमी होते. ज्यांची फाइल जागेवर नाही त्या ओळी पिवळ्या दिसतात. समोरची टिक काढली की झालं. रजिस्ट्रीत थेट हात घालायची सहसा गरज पडत नाही.

कोपऱ्यातून सरकत येणाऱ्या ‘व्हायरस सापडला’ पट्ट्या मात्र वेगळ्या. त्या बहुतेक करून ब्राउझरमधून येतात, कारण कधीतरी एखाद्या साइटला ‘अलाऊ’ दाबलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडून अनोळखी साइट काढून टाका.

आणि विंडोत फोन नंबर दिला असेल तर तो लावू नका. खऱ्या बिघाडाची चौकट कधी फोन करायला सांगत नाही. समोरचा गोड हिंदीत बोलेल, एनीडेस्कसारखं अ‍ॅप टाकायला लावेल आणि कॉम्प्युटरचा ताबा घेईल. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. हा नंबर सगळ्या देशाचा आहे, सुरतेत चालतो तसाच नवापूर-नंदुरबारलाही चालतो.

राहिलं मराठी टायपिंग. त्यासाठी बाहेरचं काही उतरवायची गरजच नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीचा आणि गुजरातीचाही फोनेटिक कीबोर्ड आतच मिळतो. सेटिंग्जमध्ये भाषेच्या पानावर जाऊन मराठी जोडा, तिच्या ऑप्शनमध्ये फोनेटिक कीबोर्ड घ्या. मग विंडोजचं बटण दाबून ठेवून स्पेसबार दाबला की इंग्रजीचं मराठी, मराठीचं गुजराती. इंग्रजी अक्षरांत ‘namaskar’सारखं उच्चाराप्रमाणे लिहायचं, बाकी तो बघून घेतो.