स्पीडोमीटरचा काटा नेहमी पुढेच का असतो?

गाडीचा काटा 100 वर असतो, मोबाइलवरचा नकाशा 94 दाखवतो आणि निष्कर्ष लगेच निघतो: मीटर बिघडला. मग कुणी सर्व्हिस सेंटरशी भांडतो, कुणी मीटर काढून रस्त्याकडेच्या दुकानात ‘सेट’ करायला देतो, तर कुणी कंपनीने फसवल्याचे ठासून सांगतो. हा गैरसमज इतका घट्ट रुजलेला आहे की चांगले अनुभवी चालक आणि काही मेकॅनिकसुद्धा तो पुढच्याला शिकवत राहतात. सहा किलोमीटरचा हा फरक बिघाड नव्हे. तो मुद्दाम ठेवलेला असतो, आणि तो किती असावा याची मर्यादा नियमात लिहिलेली आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा वाहनांसाठीचा 39 क्रमांकाचा नियम स्पीडोमीटरविषयी आहे. त्यातली अट अशी की काट्याने दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. जास्त असला तर चालेल, पण खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी 4 किलोमीटर एवढाच. म्हणजे गाडी खरोखर 80 ने धावत असेल तर काटा 80 पासून 92 पर्यंत कुठेही चालतो, पण 79 चालत नाही. वरच्या उदाहरणात खरा वेग 94 असेल, तर 13 किलोमीटरहून थोडा अधिक फरकही नियमात बसला असता. तिथे तक्रार सहाची आहे!

चूक एकाच बाजूला का ढकलायची, याचे उत्तर चाकात आहे. गाडीला रस्त्यावरचा वेग थेट कळत नाही. सेन्सर चाकाचे किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे फेरे मोजतो आणि एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हा आकडा आधीच ठरवून दिलेला असतो. टायर मात्र आयुष्यभर तेवढाच राहत नाही. 185/65 आर 15 या मापाच्या टायरचा व्यास साधारण 62 सेंटिमीटर भरतो. नव्या टायरची नक्षी सुमारे 8 मिलिमीटर खोल असते आणि 1.6 मिलिमीटरला टायर बाद धरतात. तेवढ्या झिजेने व्यास सुमारे दोन टक्के घटतो, फेरे तेवढेच वाढतात आणि काटा तेवढा पुढे सरकतो. हवेचा दाब, गाडीतले वजन आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या टायरांतला किरकोळ फरक यांची त्यात भर पडते. हे सगळे धरून काटा कधीच खाली जाऊ द्यायचा नसेल, तर सगळ्यात मोठा, नवा, कडक हवा भरलेला टायर गृहीत धरून वर थोडी जागा सोडावी लागते. बिनचूक काटा बसवणाऱ्या कंपनीची गाडी नवे टायर चढवताच नियमाबाहेर जाईल.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: आजच्या डिजिटल काळात अचूक आकडा दाखवता येत नाही का? येतो. बऱ्याच गाड्यांत ओबीडी पोर्टला उपकरण जोडले की संगणकाकडे असलेला वेग काट्यापेक्षा कमी आणि मोबाइलच्या आकड्याजवळचा दिसतो. गाडीला खऱ्याच्या जवळचा वेग ठाऊक असतो, वाढ डॅशबोर्डवर दाखवताना केली जाते, याचा याहून सरळ पुरावा कोणता हवा? दुसरा आक्षेप वॉरंटीचा: काटा सहा टक्के पुढे, म्हणजे किलोमीटरही सहा टक्के फुगवलेले. हे अजिबात खरे नाही. ओडोमीटर त्याच फेऱ्यांवर चालतो, पण वेगाच्या आकड्यात घातलेली वाढ त्याच्या हिशेबात धरत नाहीत. द्रुतगती मार्गावरच्या किलोमीटरच्या पाट्यांशी पन्नासेक किलोमीटर ताडून पाहा, स्वतःच्या डोळ्यांनी खात्री पटेल.

आता याच गैरसमजाची उलटी बाजू, आणि ती जास्त धोक्याची आहे. ‘काटा सहा पुढे असतो, म्हणून 106 वर चालवले तरी खरे 100 च.’ नवे टायर घातल्यावर हा हिशेब चुकतो, आणि कॅमेरा तुमचा काटा बघत नाही, गाडीचा खरा वेग मोजतो. मीटर खाली ‘सेट’ करून घेणाऱ्यानेही आपली सुरक्षिततेची जागा स्वतःच काढून टाकलेली असते.

खरा बिघाड ओळखायचा तर फरकाच्या आकारापेक्षा त्याचे वागणे पाहावे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर वेग स्थिर ठेवून शेजारी बसलेल्याने 40, 60 आणि 80 ला मोबाइलचे आकडे वाचावेत. वेग बदलत असताना मोबाइल मागे राहतो आणि भाताणच्या बोगद्यासारख्या ठिकाणी उपग्रहांचा संपर्क तुटतो, तिथली तुलना व्यर्थ. फरक हळूहळू, प्रमाणात वाढत असेल तर काही करायचे नाही. काटा मोबाइलपेक्षा मागे असेल तर आधी टायरचे माप बघा: 185/65 च्या जागी त्याच रिमवर 195/65 चढवले की व्यास दोन टक्के वाढतो. काटा थरथरत असेल, मध्येच शून्यावर पडत असेल किंवा फरक एका दिवसात बदलला असेल, तर सेन्सर, त्याची वायर आणि कनेक्टर तपासावा, जुन्या गाडीत केबल. अख्खा मीटर बदलण्याची वेळ या सगळ्यानंतर येते, आणि क्वचितच येते.

पेट्रोलचा काटा अर्ध्यानंतर भराभर उतरतो म्हणून पेट्रोल चोरीला जाते, हाही असाच समज. टाकीचा आकार वेडावाकडा असतो आणि तरंगता फ्लोट फक्त पातळी सांगतो. पूर्ण भरलेल्या टाकीत तो वर टेकून राहतो, त्यामुळे सुरुवातीला काटा हलतच नाही. काटा एकाच जागी अडकत असेल तर दोष बहुधा टाकीतल्या फ्लोटच्या झिजलेल्या पट्टीत किंवा अर्थिंगमध्ये असतो. जुन्या गाडीत पेट्रोल आणि तापमान दोन्ही काटे एकदमच चुकू लागले, तर दोघांना लागणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर आधी पाहावा. ‘अजून 40 किलोमीटर जाईल’ हा आकडा टाकीत मोजलेला नसतो, मागच्या प्रवासातल्या सरासरीवरून काढलेला असतो, घाटात तो झपाट्याने खाली येतो.

तापमानाचा काटा मात्र नीट समजून घ्या. आधुनिक गाड्यांत तो तापमान बरेच अंश बदलले तरी मध्यावरच धरून ठेवलेला असतो, म्हणून तो ‘अडकलाय’ असे समजू नये. आणि तो मध्याच्या वर सरकला तर ‘थोडासाच आहे’ म्हणून चालवत राहू नये, कारण तोवर इंजिन बरेच तापलेले असते. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.