कानाच्या टोकावरचा थेंब

मुखेडच्या शिवारात लाल कंधारी सांभाळणाऱ्यांना गुरांचा गोचीड नवा नाही. दारातल्या कारवान कुत्र्याच्या कानात फुगून बसलेला तपकिरी गोचीड मात्र घरातच नांदणारा. आयुष्यात तीनदा तो कुत्र्यावर चढतो, तीनदा पोटभर रक्त पिऊन उतरतो. मधला काळ भिंतीच्या भेगेत काढतो. मादी एका खेपेला हजारो अंडी घालते.

त्याच्यासोबत येणारे पाहुणे तर थक्क करतात. बबेशिया हा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो. म्हणून हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, लघवी गडद होते. त्यातल्या बबेशिया व्होगेलीची कमाल अशी की तो मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. रक्ताचा थेंबही न चाखलेलं सहा पायांचं पिल्लू रोग घेऊनच जन्माला येतं! एर्लिकिया हा जिवाणू. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीतच तो बिऱ्हाड थाटतो. प्लेटलेट घटतात, कधी नाकातून रक्त येतं. हेपॅटोझून तर चाव्यातून येतच नाही. अंग खाजवता-चावता कुत्रा गोचीड गिळतो, तेव्हा तो पोटात जातो.

यांतल्या दोघांची पहिली नोंद भारतातलीच. हेपॅटोझून जेम्स यांनी 1905 मध्ये इथल्या कुत्र्यांच्या रक्तात पाहिला. बबेशियाचीच दुसरी जात, गिब्सोनी, पॅटन यांना मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत आणि मग कोल्ह्यात सापडली. ते साल 1910.

आजही तपास कानाच्या टोकाला टोचून काढलेल्या थेंबापासून सुरू होतो. काचपट्टीवर पातळ थर, गिम्सा रंग आणि हजारपट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक. नाशपातीच्या आकाराची जोडी दिसली तर व्होगेली, बारीक कडं दिसलं तर बहुधा गिब्सोनी, पांढऱ्या पेशीत जांभळा पुंजका असेल तर एर्लिकिया. काहीच दिसलं नाही म्हणून कुत्रा निरोगी ठरत नाही. तेव्हा पेशींची मोजणी आणि पीसीआर कामी येतात.

हा खटाटोप औषधासाठी. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन, साधारण चार आठवडे. व्होगेलीला इमिडोकार्बची इंजेक्शनं. गिब्सोनी त्यांना फारशी दाद देत नाही. त्याला अॅटोव्हॅक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिनची जोडी लागते. म्हणून न तपासता टोचलेलं ‘तापाचं इंजेक्शन’ मला निव्वळ अंदाजपंचे वाटतं.

कुत्रा खाणं सोडून कोपऱ्यात बसला, तर हिरड्या बघा आणि पशुवैद्याकडे न्या. मुखेडकरांना उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही फार लांब नाही. दोन दिवसांत तो उड्या मारू लागला तरी गोळ्या मध्येच सोडू नका. गोचीड बोटांनी चिरडू नका, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. आणि भिंतीच्या भेगा तेवढ्या बुजवून घ्या.