अळवावरचं हेलियम

विजयदुर्गावर गेलात की ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि १८६८च्या खग्रास ग्रहणात लॉकियर साहेबाला हेलियम इथूनच दिसलं असं सांगतात. साहेब तेव्हा इंग्लंडात होता, पण ते असो. सूर्यप्रकाशातल्या एका पिवळ्या रेषेवरून ओळखलेलं हे मूलद्रव्य आता कृष्णद्रव्याच्या कणांवर पाळत ठेवायला बसवलं आहे.

कृष्णद्रव्य आहे हे दीर्घिकांच्या फिरण्यावरून कळतं. त्याचा कण कोणी पाहिलेला नाही. तो पकडायला अमेरिकेत साउथ डकोटातल्या एका जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दीड किलोमीटरवर, ७ टन द्रवरूप झेनॉनची टाकी आहे. कण जड असेल तर ती उत्तम. पण तो प्रोटॉनहूनही हलका निघाला तर? गोटी वरवंट्यावर मारून पाहा. गोटी उडते, वरवंटा ढिम्म. झेनॉनचं अणुकेंद्रक हा असा वरवंटा. हेलियमचं केंद्रक त्याच्या तेहतिसाव्या हिश्शाचं, म्हणून हलक्या धक्क्यानंही हलतं.

शिवाय हेलियमइतका शांत द्रव दुसरा नाही. २.१७ केल्विनच्या खाली, म्हणजे उणे २७१ अंश सेल्सियसच्या आसपास, ते अतिप्रवाही होतं. तापमान केल्विनच्या काही शतांशांपर्यंत उतरवलं की त्यातली उष्णतेची वळवळही जवळजवळ थांबते. बाकीचे पदार्थ तोवर गोठून भिंतींना चिकटलेले असतात, त्यामुळं भेसळीची काळजी नाही. अशा निश्चल द्रवात एखाद्या कणानं टिचकी मारली की तरंग उठतात; त्यांतल्या एका जातीचं नाव रोटॉन. रोटॉन पृष्ठभागाशी पोचला की हेलियमचा एखादा अणू वर उडवू शकतो. एरवी इतक्या थंडीत अणू आपणहून उडत नाहीत. तेव्हा वरच्या निर्वातात टांगलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर ते येऊन आदळले, तर खाली काहीतरी घडलं हे नक्की. खरी गंमत पुढंच आहे. द्रव सोडताना अणूला जेवढी ऊर्जा मोजावी लागते, तिच्या दहापट तरी ऊर्जा कोरड्या सिलिकॉनला चिकटताना मोकळी होते. तेवढ्यानं चकती किंचित तापते आणि ते तापणं मोजता येतं. १९८७ साली ब्राउन विद्यापीठातल्या रॉबर्ट लॅनू, हम्फ्री मॅरिस आणि जॉर्ज सायडेल यांनी हेलियमचा हा उपयोग सुचवला तो सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंसाठी. त्यांचं मोठं उपकरण काही उभं राहिलं नाही.

वर ‘कोरड्या’ असं मुद्दाम म्हटलं. अतिप्रवाही हेलियमला एक खोड आहे: ते भिंती चढतं. प्याल्यात ठेवलं तर पातळ पापुद्रा होऊन काठ ओलांडतं आणि प्याला रिकामा होईपर्यंत बुडाशी ठिबकत राहतं. तेच चकतीपर्यंत चढलं की चकती ओली. मग हेलियमवरच हेलियम पडतं आणि दहापटीचा नफा बुडतो. ब्राउनच्या मंडळींनी हा पापुद्रा वाटेतच तापवून उडवायची सोय केली होती. पण थंडीसाठी एवढा आटापिटा करून पुन्हा आतच शेगडी पेटवायची, हे काही मनाला पटत नाही.

अलीकडचा उपाय मला जास्त आवडतो. पाणी अळवाच्या पानाला भिजवत नाही, तसं हेलियम सीझियम या धातूला भिजवत नाही. वाटेत सीझियमचा पट्टा दिला की वर चढणारं हेलियम तिथंच अडतं. अट एकच, सीझियमला हवा लागता कामा नये. आणि धातू असा की हवा लागताच पेट घेतो!

२०२३ साली अमेरिकेतल्या ‘हेराल्ड’ प्रकल्पानं असा पट्टा लावून अवघ्या १० ग्रॅम हेलियमवर केलेल्या चाचणीचे आकडे प्रसिद्ध केले. १४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टइतकी बारीक टिचकी त्यांना ओळखता येते. म्हणजे प्रोटॉनच्या पाव वजनाचा कण धडकला तरी कळावा. कृष्णद्रव्याचा कण मात्र अजून सात टनांच्या टाकीतही सापडलेला नाही आणि दहा ग्रॅमच्या भांड्यातही नाही.