मुस्तफा जाडा कसा झाला?

गणपतीत रेवदंड्याला आत्याकडे गेले होते. आरत्या झाल्या, मोदक झाले, पाऊस काही थांबेना. शेवटी पडवीत लॅपटॉप उघडला आणि दादाला हाक मारली, ‘ये, तुझा मुस्तफा दाखवते!’ दादा म्हणजे माझा आतेभाऊ, आता पंचेचाळिशीचा. शाळेत असताना अलिबागच्या एसटी स्टँडजवळच्या व्हिडीओ गेम पार्लरमध्ये तिकिटाचे पैसे उडवून, मिळेल त्या टेम्पोतून घरी येणारा.

त्याने दोन मिनिटं स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, ‘हा तो नाय. हा जाडा झालाय.’

मला वाटलं, झालं, आता ‘आमच्या वेळी’ सुरू. पण दादाचं बरोबर होतं.

आपण ज्याला मुस्तफा म्हणतो, तो कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. चार हिरोंपैकी पिवळ्या टोपीवाला मुस्तफा हा एक, पण आपल्याकडे अख्ख्या गेमला त्याचंच नाव पडलं. त्या मशीनचा बोर्ड ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं चित्र तयार करतो. ते दिसायचं मात्र ४:३ आकाराच्या काचेवर. म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच. लॅपटॉपवर ठिपके चौकोनी धरले की तेच चित्र जवळपास २८ टक्के रुंद होतं. आणि फुल स्क्रीन भरायच्या हौसेने ताणलं, तर आणखी. मी सेटिंगमध्ये ४:३ केलं. बाजूला काळ्या पट्ट्या आल्या, पण मुस्तफा बारीक झाला.

‘हां. पण एवढं चकचकीत नव्हतं.’

इथे खरी भांडणं सुरू होतात. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या थरावर एकेक आडवी ओळ काढत जायचा. दोन ओळींमध्ये बारीक काळी फट राहायची, रंग शेजाऱ्यात थोडे मिसळायचे, उजळ भाग किंचित पसरायचे. आज ब्लॉकसारख्या दिसणाऱ्या कडा तिथे बोचत नव्हत्या. म्हणून एमुलेटरमध्ये ट्यूबची नक्कल करणारे फिल्टर असतात. काही जण म्हणतात, बोर्डातून निघालेले ठिपके हेच अस्सल, वरून रेघोट्या कशाला? दुसरे म्हणतात, ते ठिपके काचेशिवाय कोणी पाहिलेच कधी?

मला दुसऱ्यांचं पटतं, आणि त्याला कारण १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’. त्याचा मॉनिटर होता कृष्णधवल. हिरवे-लाल रंग दिसायचे ते वर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे! नुसता बोर्ड जपला तर तो गेम काळापांढराच उरेल. १९९७ पासून सुरू असलेल्या ‘मेम’ या एमुलेटरने असे गेम दाखवताना पट्ट्यांचीही सोय ठेवलीय. मेमवाल्यांची भूमिकाही मजेशीर आहे: आमचं काम जुनी यंत्रं नोंदवून ठेवणं, गेम खेळता येतो हा त्याचा बोनस. (मेम मोफत आहे म्हणून गेमच्या फाइली मोफत होत नाहीत, कॉपीराइट असतोच. हे हॉस्टेलवरच्या मंडळींसाठी!)

माझं म्हणणं सरळ आहे. आकार आणि वेग यांना हात लावायचा नाही. ‘मॉर्टल कॉम्बॅट’चं मशीन सेकंदाला साधारण ५४.७ चित्रं दाखवायचं; ६० च्या स्क्रीनसाठी ते पळवलं तर मारामारीचा टायमिंगच बदलतो. ट्यूबचा फिल्टर सुरुवातीलाच चालू असावा, नको त्याने बंद करावा. आणि ठिपक्यांवरून अंदाज बांधून गुळगुळीत चेहरे काढणारे फिल्टर? त्यात मुस्तफा मेणाचा पुतळा दिसतो. नकोच.

एवढं ज्ञान पाजळून मी फिल्टर लावला. चित्र खरंच सुंदर झालं, एकदम ऊबदार. दादा मान हलवतच होता.

कारण त्याने पाहिलेली काच कॅपकॉमच्या ऑफिसातली नव्हतीच. त्या पार्लरमधलं कॅबिनेट प्लायवूडचं, आत कुठल्या तरी टीव्हीची ट्यूब. खाऱ्या वाऱ्याने सगळं गंजलेलं. लाल रंग जवळजवळ गेलेला. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की चित्र चारी बाजूंनी आकसायचं आणि मालक ओरडायचा, ‘पंखा बंद करा रे!’ एका कोपऱ्यात आधीच्या कुठल्या तरी गेमचा स्कोअर काचेवर कायमचा उमटलेला. रक्त तपकिरी दिसायचं. ते लाल असतं हे दादाला मुंबईत गेल्यावर कळलं.

मग याच्याशी प्रामाणिक राहायचं की जपानमधल्या काचेशी? एमुलेटर बनवणाऱ्याने जपानचीच काच धरावी, तिचं मोजमाप तरी करता येतं. पण अलिबागची काच कुणीच मोजलेली नाही. पार्लर कधीच बंद झालं, आता तिथे मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. दादाकडे एक फोटोसुद्धा नाही. तेव्हा पार्लरमध्ये कॅमेरा कोण नेणार? घरी कळलं असतं तर!

म्हणून मी फिल्टरच्या सेटिंगमध्ये शिरले. ‘लाल सांग, किती कमी?’

‘अजून. अजून... हां, थांब. आता हिरवट कर जरासं.’

डायनासॉर शेवाळलेल्या विहिरीत पडल्यासारखे दिसायला लागले. दादाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि आतून आत्याने जेवायला दोनदा हाक मारली, तरी दिला नाही. ती सेटिंगची फाइल मी ‘अलिबाग’ नावाने सेव्ह करून ठेवलीय.